चाळीस रुपयांचे पाणी : महाड-पोलादपूरच्या विकासाचा न मांडलेला हिशेब

मार्च १९२७ मध्ये महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्षस्थानी होते. जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून माणसे पायी आली होती आणि त्यांच्या पिण्यासाठी आयोजकांना चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. वास्तविक परिषदेच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर चवदार तळे होते. ते नगरपालिकेच्या ताब्यात होते आणि पालिकेच्याच ठरावानुसार ते सर्वांना खुले होते. तरीही पाणी विकत आणावे लागले.

२० मार्चला याच परिषदेतून निघालेले लोक तळ्यावर गेले व पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर झालेला हल्ला, तळ्याचे 'शुद्धीकरण' आणि पुढचा संघर्ष हा सामाजिक इतिहासाचा सर्वपरिचित भाग आहे. परंतु त्या चाळीस रुपयांना एक अर्थशास्त्रीय अर्थही आहे आणि तो सहसा मांडला जात नाही. जी वस्तू कायद्याने फुकट होती तिची किंमत एका समाजाला रोख मोजावी लागली. कायदा आणि रीत यांच्यात जे अंतर पडते त्याचे मोल कोणी तरी चुकवतच असते, आणि ते पिढ्यानपिढ्या चुकवले जात राहिले की एखाद्या प्रदेशाच्या विकासाची गतीच त्यावर ठरू लागते.

नियम लिहिलेले आणि न लिहिलेले

काही देश वा प्रदेश श्रीमंत का होतात व काही मागे का राहतात, या प्रश्नाला फार काळ दोनच उत्तरे दिली जात. एक भूगोलाचे होते, दुसरे भांडवलाचे. अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ डग्लस नॉर्थ यांनी तिसरे उत्तर पुढे आणले. त्यांच्या मते समाजाने स्वतःवर घालून घेतलेले नियम, म्हणजेच संस्था, दीर्घकालीन प्रगती ठरवतात. हे नियम दोन प्रकारचे असतात. कायदे, न्यायालये, मालमत्तेचे हक्क हे लिहिलेले; तर रूढी, प्रतिष्ठेच्या कल्पना, कोणावर विश्वास ठेवायचा व कोणाला दूर ठेवायचे याचे संकेत हे न लिहिलेले. लिहिलेले नियम एका रात्रीत बदलता येतात, न लिहिलेले मात्र सावकाश बदलतात. नॉर्थ यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे २०२४ साली डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन व जेम्स रॉबिन्सन यांना याच विषयावरील संशोधनासाठी हा सन्मान मिळाला. ज्या व्यवस्थेत बहुसंख्यांना कष्टाचे फळ स्वतःकडे ठेवता येते तेथे समृद्धी टिकते आणि जेथे मूठभरांनी ते काढून घेण्याची सोय असते तेथे ती टिकत नाही, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय. २०२५ च्या पारितोषिकाचे एक मानकरी, आर्थिक इतिहासकार जोएल मोकीर यांनी संस्कृतीवर भर दिला आहे. नव्या कल्पनांना वाव देणारी आणि उपयुक्त ज्ञानाचा सन्मान करणारी वृत्ती समाजात असल्याखेरीज यंत्रयुग अवतरत नाही, असे ते म्हणतात.

हा सारा वाद युरोप-अमेरिकेपुरता वाटतो. प्रत्यक्षात सावित्री नदीच्या खोऱ्यातील महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत त्याचा जवळजवळ प्रत्येक मुद्दा तपासून पाहता येतो.

भूगोल प्रतिकूल, पण किती?

प्रथम भूगोलाचा दावा पाहू. पोलादपूर तालुका सह्याद्रीच्या पायथ्याशी डोंगरांच्या घड्यांत वसलेला आहे. पाऊस प्रचंड, पण तो चार महिन्यांत वाहून जातो. भातखाचरे लहान, उरलेली जमीन वरकस. तीवर नाचणी आणि वरी. राब भाजून रोपे तयार करण्याची जुनी पद्धत. दिवाळीनंतर शेतात फारसे काम नसते. अशा भूमीत मोठी संपत्ती निर्माण होणे कठीणच.

तथापि हा प्रदेश नेहमीच आडबाजूला नव्हता. भरतीचे पाणी सावित्रीतून महाडपर्यंत चढते. त्यामुळे समुद्र आणि घाटमाथा यांच्यातील मालाची देवघेव येथे होत असे. महाडजवळची गांधारपाले येथील बौद्ध लेणी या मार्गाच्या प्राचीनतेची साक्ष देतात. शिवछत्रपतींनी राजधानीसाठी निवडलेला रायगड याच परिसरात आहे. वरंध घाटाने महाड भोरशी आणि आंबेनळी घाटाने पोलादपूर महाबळेश्वरशी जोडलेले आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली आणि घाटावरचा माल थेट मुंबईला जाऊ लागला. पुढे कोकण रेल्वे आली तीही महाड शहराला बाजूला ठेवून, वीर स्थानकावरून गेली. म्हणजे भूगोल तोच राहिला, त्याचे मोल मात्र माणसांच्या निर्णयांनी बदलत गेले.

अर्धे पीक खोताचे

त्याहून खोल परिणाम केला तो जमिनीच्या व्यवस्थेने. मुंबई इलाख्यात सर्वसाधारणपणे रयतवारी होती. शेतकरी थेट सरकारकडे सारा भरत असे. कोकणच्या मोठ्या भागात मात्र सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये वंशपरंपरेचा खोत उभा होता. गावचा सारा तो सरकारात भरी आणि कुळांकडून धान्याच्या रूपाने वसुली करी. भातावर अर्धेलीची, म्हणजे निम्म्या पिकाची, वसुली अनेक ठिकाणी रूढ होती. शिवाय खोताच्या शेतावर वेठ होतीच.

या व्यवस्थेने नेमके काय बिघडवले, हे एका साध्या हिशेबाने कळते. समजा, एका कुळाने दोन उन्हाळे खपून उतारावर दगडी बांध घातला आणि आठ मण भाताचे बारा मण झाले. वाढलेल्या चार मणांपैकी दोन मण खोताकडे जातील. कष्ट पूर्ण कुळाचे, फायदा अर्धा. त्यातही पुढच्या वर्षी जमीन आपल्याकडेच राहील याची खात्री नाही. अशा स्थितीत बांध न घालणे हाच व्यवहारी निर्णय ठरतो. आंबा-फणसाचे झाड लावण्याचा हिशेब तर याहून तोट्याचा, कारण फळ यायला वर्षे लागतात. बाहेरच्या पाहुण्याला हे कूळ आळशी, अल्पसंतुष्ट, नव्याला नाखूश असे दिसेल. वस्तुतः ते नियम ओळखून वागत असते.

खोताची बाजूही पाहिली पाहिजे. वसुलीचा हक्क वंशपरंपरेने चालत आलेला असल्याने शेतीत सुधारणा न करताही त्याचे उत्पन्न चालू राही. म्हणजे ज्याच्याकडे पैसा होता त्याला गुंतवणुकीची गरज नव्हती आणि ज्याला गरज होती त्याला त्यातून मोबदला नव्हता. अभिजित बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर या अर्थतज्ज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटिश काळातील जमीनव्यवस्थेचे परिणाम भारतभर तपासले. जेथे जमीनदारांमार्फत वसुली होत असे त्या जिल्ह्यांत स्वातंत्र्यानंतरही शेतीतील गुंतवणूक व उत्पादकता आणि शिक्षण-आरोग्यावरील खर्च कमी राहिल्याचे त्यांना आढळले. कायदा रद्द झाला तरी त्याची सावली मागे उरते, असा याचा अर्थ.

खोतीविरुद्धचा लढाही याच जिल्ह्यातला. अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी शेती न कसण्याचा संप पुकारला. तो सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. विधेयक मंजूर झाले नाही. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ साली झाला. कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि कसणारा जमिनीचा मालक मानला गेला.

ठराव १९२४ चा, हक्क १९३७ चा

आता पुन्हा तळ्याकडे. लिहिलेला नियम आणि रीत यांच्यातील अंतर वर्षांत मोजता येते असे उदाहरण क्वचितच सापडते. चवदार तळे हे तसे उदाहरण आहे.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या वा चालवल्या जाणाऱ्या विहिरी, तळी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सुधारणावादी कार्यकर्ते महाडमध्ये होते. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव केला. कागदोपत्री प्रश्न संपला होता, पण तळ्यावर कोणी जाऊ शकले नाही. अडवणारा पोलीस नव्हता. अडवत होती ती मारहाणीची, बहिष्काराची आणि जमिनीवरून हुसकले जाण्याची भीती. १९२६ साली बोले यांनी पुढचा ठराव आणला : जी नगरपालिका व लोकल बोर्डे हा हक्क देणार नाहीत त्यांचे अनुदान रोखावे. नुसती आज्ञा पुरत नाही, नियम मोडणाऱ्याला झळ बसावी लागते, हे तोवर ध्यानात आले होते.

सत्याग्रहानंतर ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात काही सवर्णांनी, हे तळे खासगी आहे, असा दावा दिवाणी न्यायालयात लावून मनाई हुकूम मिळवला. त्याच महिन्यातील दुसऱ्या परिषदेसाठी महाडात जागा मिळेना. अखेर एका मुस्लिम रहिवाशाने आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. दावा मात्र पुढे दहा वर्षे चालला. १९३१ साली महाडच्या न्यायालयात आंबेडकरांच्या बाजूने निकाल लागला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने तो कायम केला.

या निकालात एक मुद्दा विलक्षण आहे. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते. ती तशी असल्याचे त्यांना न्यायालयात सिद्ध करता आले नाही. संस्कृती म्हणजे न बदलणारी, कायम चालत आलेली वस्तू, असे गृहीत धरून विकासाची चर्चा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जी रीत 'पहिल्यापासूनची' म्हणून सांगितली जाते तिलाही आरंभ असतो.

या तेरा वर्षांची आर्थिक किंमत कोणी मोजलेली नाही, पण तिची वाट दिसते. महाड हे बाजाराचे आणि कचेरीचे गाव. माल विकायला वा दाखला काढायला आलेल्या माणसाला तेथे पाणी मिळत नसेल, तर तो बाजारात कमी वेळ थांबतो, कमी वेळा येतो आणि कमी विकतो. महारवतनाने त्यात भर घातली. तुटपुंजी जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात महार कुटुंबाला गावाची व सरकारची हरघडी सेवा करावी लागे. म्हणजे स्वतःची मजुरी हवी तेथे नेऊन विकण्याचे स्वातंत्र्यच नसे. वतन सुधारणेचे विधेयक आंबेडकरांनी १९२८ सालीच आणले होते. वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. श्रमाला बाजार नाही, मालाला पाणी नाही आणि जमिनीत गुंतवणुकीला मोबदला नाही, अशी ही तिहेरी कोंडी होती.

पलटण आणि गिरणी

कोंडी फुटली ती बाहेरच्या दारांनी. पहिले दार लष्कराचे. एकोणिसाव्या शतकात कोकणातील महार मोठ्या संख्येने कंपनीच्या व पुढे सरकारच्या पलटणीत भरती झाले. तेथे शिक्षणाची सोय होती आणि पगार व निवृत्तिवेतन जात न पाहता मिळे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे अशाच निवृत्त सैनिकांपैकी एक. त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखन केले आणि १८९५ च्या सुमारास महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नियुक्ती झाली. सावित्रीकाठच्या दासगावात लष्करी पेन्शनरांची वस्ती होती आणि १९२७ ची परिषद घडवून आणणारे रामचंद्र बाबाजी मोरे दासगावच्या शाळेत शिकलेले होते. चवदार तळ्यावरचा आत्मविश्वास आकाशातून पडला नव्हता. एका संस्थेने दिलेली अक्षरओळख आणि नियमित वेतन तीन पिढ्यांनंतर दुसऱ्या संस्थेला आव्हान देण्याइतके बळ देऊन गेले. १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची लष्करभरती बंद करण्यात आली, तेव्हा हे दार मिटले हेही सांगितले पाहिजे.

दुसरे दार मुंबईच्या गिरण्यांचे. महाड-पोलादपूरच्या वाड्या आणि कोंड यांमधून सर्व जातींचे तरुण गिरणगावात गेले. ज्या माणसाला गावात आळशी म्हटले गेले असते तोच तेथे पाळीवर उभा राहून यंत्र चालवू लागला. माणूस तोच होता; कष्टाचा मोबदला महिनाअखेर हातात पडत होता, एवढाच फरक. कोकणच्या दारिद्र्याचे खापर कोकणी स्वभावावर फोडणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर देता येणार नाही.

अर्थात रीतही बोचके बांधून सोबत गेली. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि इतर कामगारांना त्याचा विटाळ वाटे. जादा पगाराचे खाते त्यामुळे एका समाजाला बंद राहिले. १९२८-२९ च्या संपकाळात आंबेडकरांनी ही अट काढण्याची मागणी लावून धरली. बाजार आपोआप भेद पुसतो, हा समज येथे अपुरा पडतो.

दुसरीकडे याच रीतीचे उपकारक रूपही गिरणगावात दिसले. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेला गाळा, खानावळ, गावकीचे मंडळ, आजारपणात व मयतीत मदत ही परस्परविश्वासाचीच भांडवली ठेव होती. तिच्या बळावर नवा पोरगा मुंबईत पाय ठेवी. पण हा विश्वास गावापुरता आणि जातीपुरता राहिला. मनीऑर्डरचे पैसे गावी आले ते सण, लग्न, घराची डागडुजी आणि मंदिराचा जीर्णोद्धार यांवर प्रामुख्याने खर्च झाले. बारमाही उत्पन्न देणारा उद्योग त्यातून फारसा उभा राहिला नाही. जानेवारी १९८२ च्या गिरणी संपानंतर तो ओघही आटला.

घाटापलीकडे काय वेगळे घडले?

घाटमाथ्यावरचे चित्र याच काळात निराळे होते. तेथे रयतवारीने शेतकऱ्याच्या नावे जमीन होती आणि कालव्यांचे पाणी मिळाल्यावर ऊस उभा राहिला. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानंतर बँक, शाळा, महाविद्यालय, रुग्णालय ही साखळी तयार झाली. पाणी ही तेथील मोठी अनुकूलता होती, हे नाकारता येत नाही. परंतु भागभांडवल गोळा करायला आधी शेतकऱ्याच्या नावावर जमीन आणि हातात शिल्लक असावी लागते. कोकणात हे १९५७ नंतर सुरू झाले, आणि तोवर कर्ता पुरुष मुंबईला गेलेला होता.

मालकी मिळाल्यावर कोकणी माणसानेही झाडे लावली, याचा पुरावा आहे. १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि कोकणात आंबा-काजूच्या बागा डोंगरउतारांवर पसरल्या. जमीन जुनीच होती; झाडाचे फळ कोणाचे, हे मात्र आता ठरलेले होते.

आजचे न लिहिलेले नियम

खोत गेला, तळे खुले झाले. तरी अंतर संपलेले नाही, त्याने रूप पालटले आहे. पोलादपुरात आज गुंतवणुकीच्या आड येतो तो सातबारा. आजोबांच्या नावची जमीन वाटप न होता नातवंडांपर्यंत आली आहे. एका तुकड्यावर अनेक नावे, त्यांतील निम्मी मुंबईत वा गुजरातेत. कर्ज काढायचे, बाग लावायची, तर सर्वांच्या सह्या हव्यात. कूळकायद्याने मालक दिला, पण निर्णय घेऊ शकणारा एक मालक वाटपाअभावी पुन्हा हरवला.

त्यात स्त्रियांचा प्रश्न. चाकरमानी मुंबईत असताना शेती प्रत्यक्ष राखली ती घरच्या बाईने. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला. तरीही बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करणे हीच चांगुलपणाची खूण मानली जाते. १९२४ चा ठराव आणि तळ्यावरची भीती यांच्यात जे नाते होते तेच येथे कायदा आणि माहेर तुटण्याची भीती यांच्यात आहे.

महाडला औद्योगिक वसाहत आली, रासायनिक कारखाने आले आणि तालुक्याला नोकऱ्या मिळाल्या. सोबत सावित्रीच्या प्रदूषणाची तक्रारही आली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा १९२८ साली बांधलेला पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बसगाड्यांसह प्रवासी वाहून गेले. त्या जागी नवा पूल जून २०१७ मध्ये, म्हणजे वर्षाच्या आत, उभा राहिला. त्याच मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या मुदती मात्र वर्षानुवर्षे पुढे जात राहिल्या. पैसा, अभियंते आणि पाऊस दोन्हीकडे तेच होते. निराळी होती ती जबाबदारी ठरवण्याची पद्धत. जुलै २००५ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळी दरडींनी या तालुक्यांत बळी घेतले. २०२१ साली तळीये गावात ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. पाऊस निसर्गाचा, वस्ती कोठे असावी आणि धोक्याचा इशारा कोणी, केव्हा द्यावा, हे मात्र संस्थांचे काम.

शेजारच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात घटली. माणसे आपल्या पायांनी मत देतात, असा त्याचा अर्थ. जेथे कष्टाचे फळ पदरात पडण्याची खात्री असते तेथे ती जातात.

महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. या मातीत कर्तृत्वाची वाण कधीच नव्हती. लष्करात, गिरणीत, न्यायालयात आणि थेट रिझर्व्ह बँकेत ते दिसले; गावच्या शिवारातच त्याला जागा कमी पडली. तेव्हा महाड-पोलादपूरचा विकास किती झाला हे पाहताना कारखान्यांची संख्या मोजावीच, पण त्याआधी एक साधा प्रश्न विचारावा : जे कागदावर सर्वांचे आहे ते मिळवण्यासाठी आज कोणाला किती रुपये मोजावे लागतात? १९२७ साली ते चाळीस होते.